टेबल सोडताना

"हा रंग बघून तुम्हाला कसं वाटतं?" पुण्याहून आलेल्या वास्तुविशारद बाईंनी ज्योतिरामला विचारलं. त्यांच्या हातात फिकट हिरव्या रंगाचा पुठ्ठा होता आणि तो त्यांनी त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर धरला होता. ज्योतिरामने मान वळवून पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि बराच विचार करून म्हणाला, "पंख्याची जागा बदलू नका मॅडम, एवढंच."

बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. मी स्टुलावर उभी राहून टेपचं दुसरं टोक खिडकीच्या चौकटीला लावून धरलं होतं आणि माझा हात भरून आला होता. मार्च संपत आला होता. सोलापुरात त्या दिवसांत सकाळी अकरानंतर कुणी कुणाला रंगाबद्दल विचारू नये.

ही गोष्ट दहाएक वर्षांपूर्वीची. मी तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होते. समोर मुलं मला बिराजदार मॅडम म्हणायची आणि पाठीमागे शांतता मॅडम, कारण दिवसभरात माझ्या तोंडून तोच एक शब्द जास्त निघायचा. इमारत शंभरीला टेकलेली. कुणा रावबहादुरांनी कापडगिरणीच्या कमाईतून बांधलेली. काळा दगड, उंच सागवानी छत आणि खालच्या मजल्यावर लांबलचक अभ्यासिका. छताला वाळवी लागली होती आणि तिचा भुसा मुलांच्या वह्यांवर पडायचा. पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीला टेकलेली पुस्तकं फुगायची. दुरुस्तीसाठी मी वर्षानुवर्षं अर्ज करत आले होते. शेवटी पैसे आले, पण ते दुरुस्तीसाठी नव्हते, मनःस्वास्थ्यासाठी होते.

झालं असं, की आदल्या वर्षी स्पर्धा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा उठून गेला तो घरी पोचलाच नाही. तीन-चार दिवसांनी गुलबर्ग्याच्या स्टेशनवर बाकावर बसलेला सापडला. कुठल्या गाडीने आलो ते त्याला सांगता येईना. पेपरात बातमी आली, ती मस्कतला राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने वाचली आणि त्याने मोठी देणगी पाठवली. अट एकच, ग्रंथालय असं करा की मुलांच्या मनाला विसावा मिळेल. मग समिती झाली. समितीच्या बैठका झाल्या. विसाव्याचा कोपरा, त्यात गाद्या, समुपदेशकाची खोली, कुंड्यांतली झाडं, डोळ्यांना थंड वाटणारे रंग. प्राचार्य हंचाटे सर एकेका बैठकीत मनःस्वास्थ्य हा शब्द इतक्यांदा म्हणायचे की बाहेर पडेपर्यंत माझं डोकं दुखायला लागायचं. मी वाळवीचा विषय काढला की सर म्हणायचे, तेही त्यात आलंच मॅडम.

मी दमले होते. पंचेचाळिशीत माणूस दमतो ते झोपून भरून निघतं. पन्नाशीनंतरचं दमणं निराळं असतं, ते सकाळी उठल्यावरही तिथेच असतं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, मग त्या विसाव्याच्या कोपऱ्यात पहिली गादी तूच अडव.

आमच्या अभ्यासिकेची एक रीत होती. ज्याला जे टेबल मिळालं ते त्याचंच. तो परीक्षा पास होऊन नोकरीला लागला की त्याने सगळ्यांना मागच्या पायऱ्यांवर चहा द्यायचा आणि आपलं टेबल आपल्या पसंतीच्या धाकट्या मुलाला किंवा मुलीला द्यायचं. याला मुलं टेबल सोडणं म्हणायची. कुणी पाडली ती रीत कोण जाणे, पण घरच्या कुळाचारापेक्षा मुलं ती जास्त सांभाळायची. पास न होताच टेबल सोडायची मात्र काही रीत नव्हती. तसा माणूस हळूहळू दिसेनासा व्हायचा. आधी त्याची पाण्याची बाटली जायची, मग पुस्तकं जायची, आणि एका सकाळी टेबल रिकामं असायचं. त्याचं नाव पुढे कुणी काढत नसे. गुलबर्ग्याला सापडला त्या मुलाचंही कुणी काढत नव्हतं.

ज्योतिराम गवसाने पंख्याखालच्या टेबलाशी अकरा वर्षं बसत होता. आमच्याच कॉलेजातून बीएस्सी झालेला, बार्शीकडच्या एका खेड्यातला, वय छत्तीस. कानाजवळचे केस पिकायला लागले होते. सुरुवातीला दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन हात हलवत परत आला. पुढे मुलाखतीचंही बोलावणं यायचं बंद झालं. त्याच्याकडून गणितं शिकलेली पोरं फौजदार झाली, तहसीलदार झाली, आणि त्या प्रत्येकाचा चहा त्याने पायऱ्यांवर बसून प्यायला. धाकटी मुलं त्याला दादा म्हणायची आणि त्याच्यावर जीव टाकायची. सगळ्यात जास्त प्राजक्ता होनराव, त्याच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी, जिभेने फटकळ आणि अभ्यासाला पक्की. ज्योतिरामच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी होती. अधूनमधून एसटीच्या कंडक्टरबरोबर ज्वारीच्या पिठाची पिशवी यायची. ती आणायला तो स्टँडवर जायचा, तेवढाच काय तो टेबलावरून उठायचा.

एप्रिलच्या सुरुवातीला हंचाटे सरांनी जाहीर केलं, की काम सुरू होईल त्या दिवसापासून ऑगस्टपर्यंत ग्रंथालय पूर्ण बंद. मुलांची परीक्षा जूनमध्ये होती. प्राजक्ता पाच-सहा जणांना घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. मनाला विसावा द्यायचा म्हणून ऐन परीक्षेच्या तोंडावर आम्हाला उन्हात काढताय, असं ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

मग मी पर्यायी जागेच्या मागे लागले. जिमखान्याचा हॉल उन्हाळ्यात रिकामा पडून असतो. पण तिथले क्रीडाशिक्षक म्हणजे हॉल जणू त्यांच्या आजोबांनी बांधलेला. आधी टेबल टेनिसचं टेबल हलवता येणार नाही म्हणाले, मग हलवता येईल पण ठेवायचं कुठे म्हणाले. वायरमन आज येतो म्हणायचा आणि परवा यायचा. हंचाटे सरांच्या दारात मी पाय झिजवले. एवढ्या उन्हात एवढी धावपळ मी पोरीच्या लग्नातही केली नव्हती.

इतकं सगळं का केलं, तर मुलांसाठी केलं हे खरं, पण त्यातल्या त्यात ज्योतिरामसाठी. मला त्याची धास्ती वाटायची. तो गुलबर्ग्याचा बाक आठवला की बाकावर मला तो मुलगा दिसतच नसे, ज्योतिरामच दिसायचा. अकरा वर्षं ज्या टेबलाला धरून माणूस उभा आहे ते टेबल चार महिन्यांसाठी काढून घेतलं तर तो कुठल्या गाडीत जाऊन बसेल सांगता येत नव्हतं. हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर समितीने त्याला समुपदेशकाकडे नेऊन बसवलं असतं, आणि समुपदेशकाची खोली अजून बांधायची होती.

शेवटी जिमखाना मिळाला. पंखे लागले, दिवे लागले. मी अभ्यासिकेत जाऊन सांगितलं तेव्हा शांततेचा नियम मोडून मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या वाजवू दिल्या. ज्योतिरामही वाजवत होता. पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, टेबलाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा उघडून बसले होते आणि तो दारात आला. जेवण झाल्यावर येऊ का, म्हणाला. मी म्हटलं, ये, बोल. तो आत आला पण बसला नाही.

"मॅडम, ती जिमखान्याची जागा नका घेऊ."

मला वाटलं, पंख्याचंच काहीतरी असेल. त्याचं टेबल पंख्याखालीच ठेवते, मी वायरमनला सांगितलंय, असं मी म्हणाले.

"पंख्याचं नाही. सगळं बंदच राहू द्या. ऑगस्टपर्यंत."

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. इतके दिवस उन्हातान्हात केलेली वणवण डोळ्यांपुढे आली आणि मला रागच आला.

"जूनमध्ये परीक्षा आहे, ज्योतिराम. ती पोरं कुठं बसतील? आणि तू कुठं बसशील?"

"मी घरी जाईन."

"मग जा की. घरी जायला तुला कुणी अडवलंय?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. "तीच तर अडचण आहे."

मग तो बसला. पुढचं त्याने सांगितलं ते खाली बघून, आणि एखाद्या तिसऱ्याच माणसाची हकिगत सांगावी तसं. गेल्या दिवाळीपासून त्याने पुस्तक उघडलं होतं, पण वाचलं नव्हतं. सकाळी यायचा, पानं उलटायचा, शेजारच्यांची गणितं सोडवून द्यायचा, संध्याकाळी खोलीवर जायचा. अक्षरं डोक्यात शिरत नव्हती. तिकडे वडिलांचा खांदा गेला होता, गिरणीचा पट्टा चढवायला हात वर जात नव्हता, पण फोनवर ते एकच म्हणायचे, तू इकडचं बघू नको, तू तिकडचं बघ. दळण घेऊन येणाऱ्या बायका विचारायच्या, पोरगा साहेब कधी होणार, आणि ते दर वर्षी सांगायचे, औंदा.

"वय संपलं असतं तर सुटलो असतो," ज्योतिराम म्हणाला. "माझ्या प्रवर्गाला अजून सात वर्षं आहेत. सात वर्षं कसा बसू मी, मॅडम?"

मी म्हटलं, वडिलांना स्पष्ट सांग, नाही जमत म्हणून.

"सांगितलं तर ते म्हणतील, बरं, ये. एक शब्द बोलणार नाहीत. कुणाला काही दाखवणार नाहीत. आणि मग मला रोज त्यांच्या तोंडाकडे बघत दळण दळावं लागेल." त्याने डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. "ग्रंथालयच बंद पडलं म्हटलं की कसं, दोघांनाही लोकांना सांगायला काहीतरी राहतंय. तोवर गिरणीवर बसतो असं म्हणता येतंय. एकदा चार महिने बसलो की मग बसलोच."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. पण चाळीसेक मुलांची परीक्षा होती. त्यांना उन्हात काढून मी एका माणसासाठी दार बंद ठेवू शकत नव्हते, आणि तसं मी त्याला सांगितलं. तो लगेच उठला.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "जेवून घ्या. निवलं असंल."

काचेतून मला तो दिसत होता. जाऊन टेबलाशी बसला, पुस्तक उघडलं, पान उलटलं. समोरच्या मुलाने वही पुढे केली, तर हसून त्याचं गणित बघायला लागला. मी डबा तसाच बंद केला. विसाव्याच्या कोपऱ्यात गाद्या गोल हव्यात की चौकोनी यावर आमच्या समितीने एक अख्खी सकाळ घालवली होती. त्या गाद्यांचं आता मला हसूही येईना.

त्या रात्री झोप अशी लागलीच नाही. सकाळी ग्रंथालय उघडताना मला सुचलं, आणि ते इतकं साधं होतं की आदल्या दिवशीच का सुचलं नाही याचा मला वैताग आला. दार सगळ्यांसाठी बंद करायची गरजच नव्हती. त्याच्या एकट्यासाठी बंद करायचं होतं.

मी त्याला पुस्तकांच्या मांडण्यांमागे बोलावून घेतलं आणि सांगितलं, की जागा अपुरी आहे असं म्हणून मी एक नियम काढते. कॉलेज सोडून दहा वर्षं होऊन गेलेल्यांना यापुढे प्रवेश नाही. तो नियम मी असा बेतला होता की अख्ख्या अभ्यासिकेत एकाच माणसाच्या अंगाला बसावा. घरी सांग, ग्रंथपाल बाईने हाकललं. मला वाटलं, आभार मानेल. तो म्हणाला, "सगळ्यांसमोर काढा."

मी म्हटलं, कशाला, नुसती नोटीस लावते.

"नोटीस लावली तर मी आपणहून उठून गेलो असं होईल. गावातली दोन पोरं आहेत इथं बसायला. घरी ती सांगणार ना." मग म्हणाला, "आणि मला जमायचं नाही, मॅडम. तुम्ही उठवल्याशिवाय मला उठताच यायचं नाही."

हंचाटे सर कुंड्यांची चित्रं बघत होते. त्यांनी नियमावर नजर फिरवून सही केली आणि म्हणाले, विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने योग्यच आहे.

जिमखान्यात जायच्या आदल्या दिवशी मुलं आपापली पुस्तकं बांधत होती तेव्हा मी अभ्यासिकेच्या मधोमध उभी राहिले आणि नियम वाचून दाखवला. मग मोठ्याने म्हणाले, "गवसाने, तुम्हाला जिमखान्यात जागा नाही. टेबल मोकळं करा." त्याला मी कधी आडनावाने हाक मारली नव्हती आणि कधी अहोजाहो केलं नव्हतं. माझंच तोंड मला परकं वाटलं.

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. मग प्राजक्ता उठली. नियम कधीचा, विचारलं. कालचा, मी म्हटलं. दादांनी आम्हाला शिकवलं तेव्हा तुमचा नियम कुठे होता, असं ती म्हणाली आणि मग बोलतच राहिली, आणि फार चांगलं बोलली. ती बोलायला लागली की वादात तिला कुणी हरवत नसे. तिच्या मागे आणखी चार जण उभे राहिले. नियमाला अपवाद असतो, जागा कमी असेल तर आम्ही दाटीने बसू, मॅडमना त्रास नको. शेवटी तिने आपली पुस्तकं एका कडेला सरकवली.

"दादा माझ्या टेबलावर बसतील," ती म्हणाली. "अर्धं टेबल माझं, अर्धं त्यांचं. हे तर तुमच्या नियमात येत नाही ना?"

येत नव्हतं. टेबल कुणी कुणाबरोबर वाटून घेऊ नये असं मी लिहिलं नव्हतं. मुलांनी ते ओळखलं, आणि माझ्याही टेबलावर बसा, माझ्याही, असं चारी बाजूंनी सुरू झालं. एकाने तर त्याची पिशवी उचलून आपल्या खुर्चीला अडकवलीही. मी ज्योतिरामकडे पाहिलं. तो उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. पोरांची माया त्याला पुन्हा खाली बसवत होती, आणि त्याला नाही म्हणता येत नव्हतं. अजून थोडं थांबले असते तर तो बसला असता आणि सात वर्षं उठला नसता. माझ्याजवळ नियम उरला नव्हता. मग तोंडाला आलं ते बोलले.

"ही अभ्यास करणाऱ्यांची जागा आहे, वस्ती करणाऱ्यांची नाही. अकरा वर्षांत काय उजेड पडला ते सगळ्यांना दिसतंय."

अभ्यासिकेत मी आयुष्यभर शांतता मागितली, ती त्या दिवशी मिळाली. ज्योतिरामने मान खाली घातली. हे बोलायचं आमचं ठरलं नव्हतं. त्याला ते लागलं, आणि मला बोलताना लागलं, पण ते उपयोगी पडलं. त्याने त्या मुलाच्या खुर्चीवरून आपली पिशवी काढून घेतली, पेन खिशाला लावलं आणि निघाला. प्राजक्ता माझ्याकडे बघत होती, ती नजर मला अजून आठवते. ती रडत नव्हती. तिने मला मनातून काढून टाकलं होतं.

मुलांनी त्याला तसं जाऊ दिलं नाही. अर्ध्या तासात मागच्या पायऱ्यांवर चहाची किटली आली. पास न झालेल्या माणसाला चहा त्या अभ्यासिकेच्या इतिहासात पहिल्यांदाच मिळत होता, आणि तो त्याने नाही, पोरांनी त्याला दिला. मला दाखवण्यासाठीच त्यांनी तो चहा केला असणार. बोलणी ऐकू येत होती, माझ्याबद्दल बरंवाईट चाललं होतं, बरं त्यात थोडंच. मग कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि ज्योतिराम हसला. मोकळा हसला. अकरा वर्षांत मी त्याला तसं हसताना ऐकलं नव्हतं. माझ्याकडे कप आला नाही, आणि यायचं कारणही नव्हतं. प्राजक्ता पुढच्याच वर्षी विक्रीकर निरीक्षक झाली. नव्या अभ्यासिकेत, हिरव्या भिंतींच्या आणि नव्या छताच्या अभ्यासिकेत, तिने टेबल सोडलं. शिपायालाही चहा होता, माळ्यालाही होता. मला नव्हता.

ज्योतिरामला उठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार टेबलं बाहेर काढत होते. सगळीकडे धूळ उडालेली. मुलं आपलं उरलंसुरलं सामान जिमखान्यात नेत होती. फाटकाशी एक पिकअप येऊन थांबली, मागे ट्रंक आणि लोखंडी खाट, पुढे ज्योतिराम बसलेला. त्यातून त्याचे वडील उतरले. अंबऋषी गवसाने यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. उंच, वाळलेले, एक खांदा खाली पडलेला. ते सरळ आत आले आणि दारातूनच ओरडले, "कोन हाय ती मॅडम?"

मी पुढे झाले.

"अकरा वर्सं पोरगं हितं झिजलं," ते म्हणाले. "हातातोंडाशी आलेला घास हिसकून घेतला तुमी. औंदा झालाच असता तो. गावात सगळ्यास्नी ठावं हाय, औंदा झालाच असता. तुमाला लेकरंबाळं हायती का न्हाई?"

कामगार थांबले. मुलं पुस्तकांचे गठ्ठे हातात घेऊन उभी राहिली. प्राजक्ताच्या तोंडावर समाधान होतं, मला कुणीतरी सुनावलं याचं. मी म्हटलं, नियम आहे, बाबा.

"कुनी केला नियम?"

"मी केला."

त्यावर ते बरंच बोलले. शिकलेल्या बायकांविषयी बोलले, सोलापूरविषयी बोलले, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. बोलता बोलता धुळीने त्यांना खोकला आला आणि तो थांबेना. मी त्यांना केबिनमध्ये नेलं, माठातलं पाणी दिलं. त्यांनी तांब्या वर धरून पाणी घेतलं, तोंड पुसलं, आणि केबिनच्या दाराकडे एकदा नीट बघून घेतलं. मग आवाज खाली आणला.

"पोरगं काय म्हनलं का तुमाला?"

"नाही," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक त्यांना पटलं नाही, पण पटवून घ्यायचं ठरवलं असावं.

"लई वर्सं झाली, बाई," ते म्हणाले. "मी आता ये म्हनलो असतो, तर त्येला वाटलं असतं, बापाचा बी इस्वास उडाला. म्हनून आपलं हुतंय हुतंय म्हनत ऱ्हायलो. खांदा काय आज गेला न्हाई."

बाहेर टेबलं फरशीवरून ओढल्याचा आवाज येत होता. त्यांनी तांब्या माठावर पालथा घातला आणि माझ्यासमोर हात जोडले. एक हात दुसऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

"ह्ये परत उघाडल्यावर त्येला आत घिऊ नगा," ते म्हणाले. "पाया पडला तरी घिऊ नगा."

"नाही घेणार," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, टोपी सरळ केली. मग केबिनचं दार उघडून बाहेर गेले आणि तिथून पुन्हा आवाज चढवला, फाटकातल्या गाडीत बसलेल्या मुलाला ऐकू जाईल इतका, आणि मला परत पहिल्यापासून शिव्या द्यायला सुरुवात केली. ते गाडीत बसेपर्यंत मी मान खाली घालून ऐकत उभी राहिले.